पिठाच्या गिरणीवरचे वकीलसाहेब

त्यांच्या ऑफिसात बोलायचं ते खाली गिरणी चालू असेल तेव्हाच, असा नियम होता.

सांगलीच्या गावभागातल्या एका अरुंद गल्लीत तळाला पिठाची गिरणी आणि वरच्या खोलीत त्यांचं ऑफिस. लाकडी जिना चढून वर गेलं की टेबल, खुर्च्या, फायलींचे गठ्ठे, कॉम्प्युटर, सगळ्यावर पिठाचा बारीक थर. गिरणी सुरू झाली की पायाखालची जमीन थरथरायला लागायची आणि ते पुढं झुकून म्हणायचे, "हां, आता बोला." मध्येच गिरणी थांबली तर ओठांवर बोट. समोरच्याचं वाक्य जिथं असेल तिथं तुटायचं. मग आम्ही गप्प बसून एकमेकांकडं बघायचो. खाली कुणाच्या तरी डब्यातली ज्वारी ओतल्याचा आवाज यायचा, पट्टा फिरायला लागायचा, आणि ते पुन्हा, "हां. बँकेतला साहेब काय म्हणाला म्हणत होता?"

मी एकदा विचारलं होतं, "काका, दुसरीकडं चांगली जागा का घेत नाही?"

"इथं कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून," ते म्हणाले. "माझ्याकडं येतो तो माणूस आधीच निम्मा खचलेला असतो. त्यात जिन्यावरच्यानं ऐकलं म्हटल्यावर तो दुसऱ्यांदा येतच नाही. आणि दुसऱ्यांदा आला नाही तर त्याचं काम होत नाही."

सगळी गल्ली त्यांना वकीलसाहेब म्हणायची. ते वकील नव्हते. कर सल्लागार होते, तशी पाटीही होती, पण ती पिठानं इतकी पांढरी झाली होती की कुणाला वाचता येत नसे. कुणी वकीलसाहेब म्हणून हाक मारली की ते प्रत्येक वेळी थांबून सांगायचे, "वकील नव्हे." समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा वकीलसाहेब म्हणायचा. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायला लागलो, तेव्हा तेही आपोआप काका झाले. त्यावर मात्र त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

माझे यजमान लष्करात मेकॅनिक होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावच्या बाहेर त्यांनी वर्कशॉप टाकलं. साखर कारखान्यात गव्हाणीतून ऊस वर चढवतात, त्याच्या साखळ्या आम्ही बनवतो, दुरुस्तही करतो. कर्ज काढताना बँकेनं सांगितलं म्हणून कंपनी काढली, आणि मी डायरेक्टर झाले. डायरेक्टर म्हणजे सकाळी कामगारांच्या चहाचं आधण ठेवायचं आणि दुपारी बिलं करायची.

अडचण आली ती बिलांमुळेच. आज बिल केलं की पुढच्या महिन्यात त्यावरचा जीएसटी भरायचा, मग गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फलटणकडचा एक कारखाना. तिथं दोन हंगामांचे पैसे अडकले. लोखंडवाला दारात यायचा, कामगारांचा पगार दर आठवड्याला द्यावा लागायचा. टॅक्स तेवढा दारात येऊन मागत नव्हता. म्हणून तो मागं राहिला. एक महिना राहिला, मग दुसरा. अर्धेमुर्धे पैसे असले तरी उपयोग नव्हता, कारण पूर्ण महिन्याचा कर भरल्याशिवाय कॉम्प्युटर विवरणपत्र घेतच नाही. मग व्याज, मग दंड, मग मोबाईलवर मेल यायला लागल्या. मी मोबाईलवरून मेलचं चित्रच काढून टाकलं.

आणि ऐन पगाराच्या दिवशी जीएसटी ऑफिसच्या हुकमावरून आमचं बँकेतलं खातं गोठलं. त्याच सुमाराला कंपनीचा जीएसटी नंबर रद्द का करू नये, अशी विचारणाही आली. नंबर गेला म्हणजे कुठलाही कारखाना आमचं बिल घेणार नाही. म्हणजे वर्कशॉप बंद.

लष्करातून आलेला माणूस. रोज सकाळी आंघोळीआधी दाढी करणारा. त्या आठवड्यात त्यांनी दाढी केली नाही. ओसरीवर बसून म्हणाले, "कुलूप लावू. आमी काय चोऱ्या केल्या न्हाईत, पर आता लोकं तसंच म्हणणार." मी एकटीच सांगलीला बँकेत गेले. तिथल्या मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच गिरणीचा पत्ता सांगितला.

पहिल्या दिवशी काकांनी माझा मोबाईल मागितला, मेल पुन्हा सुरू करून घेतल्या आणि न उघडलेल्या नोटिसांची रांग बघितली. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी खणातून स्टीलचा डबा काढला. त्यात गुळाचे खडे होते.

"एक नोटीस उघडायची, एक खडा खायचा," ते म्हणाले. "गोड तोंडानं माणूस पुढची उघडतो."

"तुम्ही घ्या की."

"मला साखरेचा त्रास आहे. मी वाचतो."

आणि ते वाचायला लागले. नोटीस वाचायची त्यांची एक तऱ्हा होती. लग्नपत्रिका वाचावी तशा सुरात, प्रत्येक कलमापाशी थांबून, मान डोलवत. "स-प्रे-म नमस्कार" एवढंच काय ते म्हणायचं बाकी ठेवायचे. दोन-तीन नोटिसांनंतर मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता लक्षात आलं, की एवढे दिवस ज्याला मी भीत होते त्यात साधे प्रश्न होते. अमुक महिन्याचं विवरणपत्र का आलं नाही? तमुक रक्कम कधी भरणार?

"नोटीस ही शिवी नव्हे. प्रश्न असतो," ते म्हणाले. "प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. गप्प बसलात की समोरचा स्वतःच उत्तर लिहून टाकतो, आणि ते आपल्याला महागात पडतं."

मी डोळे पुसत म्हणाले, "आम्ही सरकारचा टॅक्स बुडवला, काका."

"थांबा." त्यांनी हात वर केला. गिरणी चालूच होती. "बुडवला म्हणू नका. भरायचा राहिलाय, असं म्हणा. बुडवणारा इथपर्यंत जिना चढून येत नाही."

एवढ्याशा शब्दानं काय होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी घरी जाऊन ओसरीवर तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पत्र्याचा आरसा टांगलेला दिसला. दाढी करून आमचे हे सांगलीला यायला तयार होते.

काकांचा क्रम ठरलेला असे. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ सगळ्यात आधी. "ते पैसे तुमचे कधीच नव्हते. त्यांच्या घामाचे आहेत." मग सगळ्यात जुना महिना, मग त्याच्या पुढचा. ताज्या महिन्याला हात लावायचा मोह झाला की ते टेबलावर पेन आपटायचे. "जिना वरून बांधता येत नाही!" आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची चारचाकी विकायला लावली. यजमानांचा चेहरा उतरला, कारण ती निवृत्तीच्या पैशातून घेतलेली होती.

"गाडीतनं उतरून मुदत मागू नये," एवढंच काका म्हणाले.

त्यानंतर आम्ही सगळीकडं एसटीनं गेलो. काकाही बरोबर. त्यांच्या खांद्याला एक लांब कापडी पिशवी असायची आणि तिच्यात दोन घडीची स्टुलं. सरकारी ऑफिसाच्या व्हरांड्यात बसायला जागा नसते आणि उभं राहून दमलेला माणूस आत जाऊन चुकीचं बोलतो, असं त्यांचं ठाम मत होतं. शिपाई हसायचे, लोक बघायचे. काका शांतपणे पिशवीतून स्टूल काढून उघडायचे, रुमालानं पुसायचे, मला बसवायचे आणि मग स्वतः बसायचे. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं पुढं त्या स्टुलावर मला घरच्यासारखं वाटायला लागलं.

कॉम्प्युटरवर ते एका बोटानं काम करत. प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत आणि मग दाबत. महिन्याच्या वीस तारखेला, विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या देशाची घाई असते, साइट चालत नाही, पडद्यावर गोल चकरी फिरत राहते. बाकीचे सल्लागार त्या दिवशी फोनवर ओरडत असतात म्हणे. काका हात मांडीवर घेऊन बसायचे. "दमलंय बिचारं. श्वास घेऊ द्या त्याला." मग बऱ्याच वेळानं ते चालू झालं की, "आलात? या, या," असं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायचे.

एवढ्या शांत माणसाला मी एकदाच संतापलेलं बघितलं, आणि तो संताप माझ्या यजमानांवर होता.

त्यांना विट्याकडच्या कुणीतरी एक वाट सांगितली होती. खाली गिरणी चालू झाल्यावर यजमानांनी हळूच विषय काढला. "काका, एक माणूस हाय. नुसती बिलं देतो. माल न्हाई, काय न्हाई. ती खरेदी दाखवली का टॅक्स निम्म्यावर येतोय म्हणं. लय जण करत्यात."

काका उठले. मला वाटलं फाईल आणायला गेले. ते जिन्यावर गेले आणि खाली ओरडले, "गिरणी बंद कर रं जरा!"

गिरणी बंद झाली. आम्ही दोघं चकितच झालो. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि त्या शांततेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी खोट्या बिलाचं काम करत नाही. कधी केलं नाही, करणार नाही. राहिलेला टॅक्स फेडता येतो. खोटं बिल फेडता येत नाही."

आमच्या कंपनीचं नाव त्यांनी घेतलं नाही, आमचंही नाही. खाली उभ्या असलेल्या बायकांना कुणाला आणि कशाबद्दल म्हणाले ते कळणं शक्यच नव्हतं. पण यजमानांचे कान लाल झाले. जिना उतरताना ते म्हणाले, "रेजिमेंटमदी असा एक सुभेदार हुता." त्यांच्या तोंडून ही सगळ्यात मोठी शाबासकी. त्या विट्याच्या माणसाचा नंबर त्यांनी एसटी स्टँडवरच मोबाईलमधून काढून टाकला.

जीएसटी ऑफिसात सुनावणी होती, तिच्या आदल्या दिवशी काकांनी मला घरी बोलावलं. काकू प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या जेवणाच्या टेबलामागं चष्मा लावून बसल्या होत्या.

"या अधिकारी," काका म्हणाले. "तुम्ही आत आलात. सुरू करा."

"तुम्ही बोलणार ना उद्या?" मी घाबरून विचारलं.

"मी शेजारी बसणार. कंपनी तुमची आहे."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "कर का भरला नाही?"

मी बोलायला लागले आणि मला रडूच आलं. कारखाना, अडकलेले पैसे, ह्यांची तब्येत, सगळं एकदम बाहेर आलं. काकूंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, परत खुर्चीत जाऊन बसल्या, चष्मा लावला आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "कर का भरला नाही?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला तोच प्रश्न विचारला. शेवटी शेवटी मी न रडता सांगू शकले: पैसे आले नव्हते म्हणून राहिला, आता या क्रमानं भरतो आहोत, पहिला महिना भरला, ही पावती. काकूंनी चष्मा काढला. "आता जेवायला बसा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. कागद बघून म्हणाल्या, "हे सगळं कधीपर्यंत संपेल?" मी काकांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम. मग मीच सांगितलं. कुठला महिना कधी भरू, कुठल्या कारखान्याकडून काय येणं आहे, गाडी विकून काय आलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "कायद्यात बसेल तेवढं थांबते. पण सांगितलेली एक तारीख जरी चुकली तर मला थांबता येणार नाही." पीएफची आणि पहिल्या महिन्याची पावती बघून त्यांनी खातं मोकळं करण्यासाठी बँकेला पत्र द्यायचंही कबूल केलं.

बाहेर आल्यावर काका व्हरांड्यातल्या स्टुलांची घडी घालत म्हणाले, "बघा, शेवटी मी खिडकीच बघून घेतली. चांगलं जांभळाचं झाड आहे बाहेर." बस्स, एवढंच.

तारखा पाळायच्या तर फलटणचे पैसे यायला हवे होते. फोन करून आम्ही थकलो होतो. काका म्हणाले, "जाऊन बसू." उन्हाळा नुकता सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्यांमागून एसटी रखडत चाललेली, आणि हा सत्तरीचा माणूस मांडीवर पिशवी घेऊन खिडकीशी डुलक्या काढत होता. कारखान्याच्या अकाउंट विभागाबाहेर आम्ही स्टुलं मांडली. दुपार झाली. काकांनी डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. आतले एक हिशेबनीस पाणी प्यायला बाहेर आले आणि थबकले.

"आवं, तुमी कोण? हितं का बसलाय?"

"या बाईंच्या साखळ्यांवर तुमचा ऊस वर चढतो," काका म्हणाले. "मी यांचा कर भरून घेतो. या, भाकरी खा."

तो माणूस ओशाळला, पण बसला. घास घेता घेता काकांनी त्याला नव्या नियमाचं विचारलं. आमच्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत आणि ते मार्च संपेपर्यंतही राहिले, तर ती रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही, आणि तेवढ्यावर प्राप्तिकर कारखान्याला भरावा लागतो.

"म्हाईत हाय की," हिशेबनीस म्हणाले. "पर वर कोण ऐकतंय माझं? मी नुसतं सांगून काय हुतंय? तुमच्याकडनं तसं लेखी द्या. मग मला घेऊन जाता येतंय."

काकांनी पत्र तयार करूनच आणलं होतं, पण ते तसं बोलले नाहीत. "तुम्ही सांगा, मी लिहितो," म्हणाले, आणि त्या माणसानं सांगितलेले दोन शब्द घालून पुन्हा नवीन पत्र लिहिलं. परतीच्या एसटीत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता ते त्याचंही पत्र झालं. तो भांडेल त्याच्यासाठी."

आणि तो भांडला. मार्च संपायच्या आत एका हंगामाचे पैसे आले, राहिलेले पुढच्या पावसाळ्यात. आम्ही एकेक महिना चढत आलो. वर्कशॉपला कुलूप लागलं नाही. एकाही कामगाराला घरी पाठवावं लागलं नाही. मागं राहिलेल्यातल्या शेवटच्या महिन्याचं विवरणपत्र गेलं त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा आपलं बिल हातात दिलं. इतकं कमी, की यजमान म्हणाले, "काका, ह्यात काय तरी चुकलंय."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आणि त्यावर जीएसटीही लावलाय. तो आधी द्या."

मागच्या वर्षी त्यांना ऐकू कमी यायला लागलं. गिरणीच्या आवाजात समोरच्याचं बोलणं कळेना, आणि गिरणी बंद असताना बोलायचं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी ऑफिस बंद केलं. आपापली फाईल घेऊन जा, असा सगळ्यांना फोन गेला. फोन काकूंनी केले, आणि काकूंनी एक गोष्ट केली जी काकांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं.

मी पोचले तेव्हा जिन्यावर माणसंच माणसं. दवाखाना चालवणारे एक डॉक्टर, टाइल्सचं मोठं दुकान असलेले एक गृहस्थ, मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई, हळदीचा व्यापार करणारे दोघं भाऊ. सांगली-मिरज रस्त्यानं जाताना ज्यांच्या पाट्या बघून मला वाटायचं, यांना कसली काळजी असणार! मी सोडून सगळे एकमेकांना ओळखत होते आणि सगळे भिंतीकडं बघत होते. "इकडं कुठं?" "सहज. दळण होतं." कुणाच्याही हातात डबा नव्हता.

काका एकेकाला आत बोलवून फाईल देत होते. माझी देताना म्हणाले, "पुढचं तुम्हालाच येतं आता." मी वाकून नमस्कार केला तर पाय मागं घेतले. "कपड्यांना पीठ लागेल."

खाली आले तर कुणीच गेलं नव्हतं. फायली काखेत धरून सगळे गल्लीत घुटमळत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "चला, चहा घेऊ." कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन टेबलं जोडली. पहिला कप संपेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग टाइल्सवाल्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझं दुकान तेव्हा जवळजवळ गेलं होतं. घरी बायकोलाही माहीत नव्हतं. मी काकांना म्हटलं, माझ्यानं हे निस्तरत नाही, मी सगळं सोडून देतो. तर ते म्हणाले, कडेगावकडच्या एक बाई आहेत. नाव सांगणार नाही. तुमच्यापेक्षा बिकट आहे त्यांचं. खातं गोठलं, गाडी विकली, पण एसटीनं येतात आणि एकेक महिना भरतात. मागच्या आठवड्यात आणखी एक भरला."

"मलाही सांगायचे," मंगल कार्यालयवाल्या बाई म्हणाल्या. "मी दर खेपेला विचारायची, त्यांचा आता कितवा झाला?"

डॉक्टरांनी नुसती मान हलवली, पण त्यांनाही ठाऊक होतं.

मी माझी फाईल मांडीवर उलटी धरून बसले होते. टाइल्सवाल्यांची नजर तिच्यावर गेली, मग माझ्या चेहऱ्यावर. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही कुठल्या?"

"कडेगावची," मी म्हणाले.

मग तो एवढा मोठा दुकानदार माणूस उभा राहिला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "तुमच्या जिवावर मी ते वर्ष काढलं हो."

ज्या दिवसांत मला वाटत होतं की सगळ्या जिल्ह्यात माझ्याइतकं लाजिरवाणं कुणी नाही, त्या दिवसांत काका मला असे कामाला लावत होते, आणि मला पत्ताही नव्हता.

हे त्यांना सांगावं म्हणून मी उठले आणि परत जिना चढले. दार उघडंच होतं. काका रिकाम्या टेबलाशी बसून झोपी गेले होते. काकू कपाट पुसत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बोलली का एकदाची सगळी?"

मी मान हलवली.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं एकेकटीच येत होती बिचारी."

मी खाली उतरले. माझ्यासाठी दुसरा चहा सांगून ठेवलेला होता, आणि खुर्ची तशीच ठेवली होती.